रक्त पाहवत नव्हते असा सेनापती : युलिसिस ग्रँट

अमेरिकेचे यादवी युद्ध म्हटले की आपल्याला अब्राहम लिंकन आठवतात. गुलामगिरी कशी संपली हे वर्गात शिकवताना आम्हीही फळ्यावर लिंकनचेच नाव लिहितो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. पण लिंकनसाठी ते युद्ध मैदानावर कुणी जिंकून दिले, असे विचारले की वर्ग गप्प. खरे सांगायचे तर बरीच वर्षे आम्हालाही ते नाव नीट माहीत नव्हते.

ते नाव म्हणजे जनरल युलिसिस ग्रँट. अमेरिकेच्या पन्नास डॉलरच्या नोटेवर त्यांचाच चेहरा आहे.

त्यांचा जन्म २७ एप्रिल १८२२ चा, ओहायो राज्यातला. वडिलांचा कातडी कमावण्याचा धंदा होता. घरासमोरच्या त्या कारखान्यातले रक्त आणि वास या मुलाला सहन होत नसे. मोठेपणीही ते मांस अगदी करपेपर्यंत भाजल्याशिवाय तोंडात घालत नसत आणि शिकारीलाही जात नसत. ज्या सेनापतीच्या हुकुमावर हजारो माणसे मेली, त्याला ताटातले रक्त पाहवत नव्हते!

नावाची गोष्ट तर गमतीची आहे. आईवडिलांनी नाव ठेवले होते हिराम युलिसिस. १८३९ मध्ये वेस्ट पॉइंटच्या लष्करी शाळेत दाखला घेताना शिफारस करणाऱ्या खासदाराने चुकून युलिसिस एस. ग्रँट असे लिहिले. सरकारी कागदावर एकदा चूक झाली की ती दुरुस्त करताना किती चपला झिजतात, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. ग्रँट यांनी तो नाद सोडला आणि चुकीचेच नाव जन्मभर वापरले.

शाळेत ते फार हुशार नव्हते. ३९ मुलांत २१ वे आले. घोडेस्वारीत मात्र त्यांची बरोबरी कुणी करू शकत नसे. पुढे मेक्सिकोच्या युद्धात लढले, १८४८ मध्ये ज्युलिया डेंट यांच्याशी लग्न झाले. कुटुंबापासून दूरच्या छावण्यांत मन लागेना, दारूची बदनामी मागे लागली आणि १८५४ मध्ये त्यांनी फौजेची नोकरी सोडली. घरी परतताना न्यूयॉर्कमध्ये खिसा रिकामा झाला. तेव्हा हॉटेलच्या बिलासाठी मदतीला धावला तो सायमन बकनर नावाचा जुना मित्र. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे.

पुढची सहा-सात वर्षे फार हलाखीची गेली. सासऱ्याच्या जमिनीवर शेती केली, ती बुडाली. सेंट लुईसच्या रस्त्यावर जळाऊ लाकूड विकले. १८५७ च्या नाताळात सोन्याचे घड्याळ गहाण ठेवले. याच काळात त्यांच्या ताब्यात विल्यम जोन्स नावाचा एक गुलाम होता. त्याला बाजारात विकले असते तर घराची ददात काही काळ तरी मिटली असती. पण १८५९ मध्ये ग्रँट यांनी एक पैसाही न घेता कोर्टात जाऊन त्याला आझाद केले. त्यानंतर वडिलांच्या कातड्याच्या दुकानात धाकट्या भावांच्या हाताखाली कारकुनी करायची वेळ आली. वय ३८.

एप्रिल १८६१ मध्ये युद्ध पेटले. उर्दूत आपण ज्याला खानाजंगी म्हणतो, ती काय असते ते इथे दिसते. ग्रँट यांच्या लग्नाला हजर असलेले लाँगस्ट्रीट शत्रूच्या बाजूने जनरल झाले. फेब्रुवारी १८६२ मध्ये ग्रँट यांनी डोनेलसनचा किल्ला घेतला, तेव्हा समोर शरण आलेला सेनापती होता तोच सायमन बकनर. ग्रँट यांनी लष्करी अटीत तसूभर सूट दिली नाही. मात्र नंतर बाजूला घेऊन, पैशांची अडचण असेल तर माझी थैली तुझीच आहे, असे त्याला सांगितले म्हणतात. या विजयाच्या बातमीत त्यांच्या तोंडात सिगार असल्याचे छापून आले आणि लोकांनी प्रेमाने हजारो सिगार पाठवले. ते प्रेम पुढे महागात पडले.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी आम्ही हा लेख लिहायला घेतला. युद्धाच्या काळात कापसाची चोरटी खरेदी-विक्री जोरात होती. त्यात सगळ्याच जातिधर्मांचे व्यापारी आणि फौजी अधिकारीही होते. १७ डिसेंबर १८६२ रोजी ग्रँट यांनी हुकूम काढला की त्यांच्या अखत्यारीतल्या मुलुखातून सगळ्या यहुदी लोकांनी २४ तासांत निघून जावे. सगळ्या म्हणजे बायका, मुले, म्हातारे, ज्यांचा कापसाशी काडीचा संबंध नाही तेसुद्धा. ग्रँट यांचे स्वतःचे वडीलच त्या दिवसांत नफ्याच्या वाट्यासाठी कापसाच्या व्यापाऱ्यांना घेऊन मुलाकडे आले होते, आणि ते व्यापारी यहुदी होते. बापावरचा राग पूर्ण जमातीवर निघाला, असे अनेक इतिहासकार मानतात.

केंटकीतल्या पडूका गावातून सुमारे तीस कुटुंबांना घरदार सोडावे लागले. त्यांच्यातला सीझर कॅस्केल नावाचा तरुण थेट वॉशिंग्टनला जाऊन लिंकन यांना भेटला. लिंकन यांनी जानेवारी १८६३ च्या सुरुवातीलाच तो हुकूम रद्द करायला लावला. काही थोड्यांच्या गुन्ह्यासाठी अख्ख्या समाजाला धरणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना वेगळे समजावून सांगायची गरज नाही.

ग्रँट पुढे व्हिक्सबर्ग जिंकले, मार्च १८६४ मध्ये सगळ्या फौजांचे प्रमुख झाले. कैद्यांच्या अदलाबदलीत दक्षिणेने काळ्या सैनिकांना परत द्यायला नकार दिला, तेव्हा त्यांनी अदलाबदलच नाकारली. गणवेश घातला तो आमचा शिपाई, रंग कोणताही असो. ९ एप्रिल १८६५ रोजी जनरल ली शरण आले. ग्रँट यांनी कुणाला कैद केले नाही. पेरणीचे दिवस होते, म्हणून सैनिकांना आपापले घोडे घरी न्यायची मुभा दिली आणि उपाशी शत्रूसाठी २५ हजार माणसांचा शिधा पाठवला. आपल्या छावणीतल्या विजयाच्या तोफाही बंद करायला लावल्या. शरणागतीच्या अटींची अंतिम प्रत लिहिणारा त्यांचा अधिकारी एली पार्कर हा अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकी होता.

१८६९ ते १८७७ ते राष्ट्राध्यक्ष होते. हाताखालच्या लोकांनी भ्रष्टाचार केला, त्याचा डाग त्यांच्यावर आहेच. पण काळ्या नागरिकांना मारणाऱ्या कू क्लक्स क्लॅनला त्यांनी कायद्याने आणि फौजेने मोडून काढले. आणि १८६२ चा तो हुकूम? त्यांनी त्याबद्दल पस्तावा बोलून दाखवला आणि पुढे कामातूनही दिसू दिला. यहुदी लोकांना मोठ्या पदांवर नेमले, रोमानियात त्यांच्यावर जुलूम होत होता तेव्हा त्यांच्यातलाच एक माणूस वकील म्हणून तिथे पाठवला. जून १८७६ मध्ये वॉशिंग्टनच्या एका नव्या सिनेगॉगच्या उद्घाटनाला ते स्वतः गेले, सुमारे तीन तास शांत बसून राहिले आणि दहा डॉलरची देणगी दिली.

पद सुटल्यावर ते जगाच्या सफरीवर निघाले. इस्तंबूलला सुलतान अब्दुल हमीद यांनी त्यांना अरबी घोडे भेट दिले. घोड्यांच्या या आशिकाला याहून मोठी भेट कोणती? फेब्रुवारी १८७९ मध्ये ते आपल्या मुंबईत उतरले, मलबार हिलवर गव्हर्नरच्या बंगल्यात राहिले आणि पुढे जयपूर, आग्रा, दिल्ली, लखनौ करत कलकत्त्याला गेले.

शेवट मात्र कठीण होता. मे १८८४ मध्ये धंद्यातल्या भागीदाराने फसवले आणि सगळी पुंजी गेली. त्याच वर्षी घशाचा कॅन्सर निघाला, सिगारची किंमत. बायकोला मागे कर्जात सोडायचे नाही, म्हणून त्यांनी दुखणे सोसत आठवणी लिहायला घेतल्या. मार्क ट्वेन यांनी त्या छापल्या आणि ज्युलिया यांना त्यातून चार लाखांहून जास्त डॉलर मिळाले. पण त्या आठवणींत १८६२ च्या हुकुमाचा शब्दही नाही. इतर चुका मोकळेपणाने कबूल करणाऱ्या माणसाला ही एक कागदावर आणायला जड गेली असावी.

लिखाण संपल्यावर काही दिवसांतच, २३ जुलै १८८५ रोजी ते गेले. त्याआधी त्याच महिन्यात एक म्हातारा त्यांना भेटून गेला होता. ग्रँट यांचा आवाज गेलेला, म्हणून चिठ्ठ्या लिहून बोलणे झाले. तो होता सायमन बकनर. न्यूयॉर्कच्या अंत्ययात्रेत जनाजा नेणाऱ्या मानकऱ्यांत ग्रँट यांच्या बाजूचे जनरल होते, आणि त्यांच्यासोबत हरलेल्या बाजूचे जॉन्स्टन आणि बकनरही होते.

हे सगळे सांगितल्यावर आमच्या वर्गातल्या एका मुलीने विचारले, सर, मग तो माणूस चांगला की वाईट? आम्ही तिला फक्त तारखा मोजायला सांगितल्या. हुकूम काढल्यापासून सिनेगॉगच्या बाकावर बसेपर्यंत साडेतेरा वर्षे.