फुलराणीचा आवाज : भक्ती बर्वे

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात एकपात्री अभिनयाची स्पर्धा होती. मी नाव द्यावे म्हणून मैत्रिणी मागे लागल्या आणि ‘ती फुलराणी’ नाटकातील मंजुळेचे स्वगत कर, असे त्यांनीच सुचविले. यात नवल काहीच नव्हते. महाराष्ट्रात जिथे जिथे संमेलन असते तिथे हे स्वगत करणारी एक तरी मुलगी असतेच. पण ते मलाच का सुचविले, याचे कारण एकीने हसत हसत सांगून टाकले. मला त्यासाठी अभिनय करावाच लागणार नाही, मी रोज बोलते तशी बोलले तरी पुरे, असे तिचे म्हणणे पडले. सगळ्या हसल्या. मीही हसले. रात्री वसतिगृहाच्या खोलीत दिवा मालवल्यावर मात्र ते हसू घशात अडकून बसले.

मी जिंतूर तालुक्यातील एका लहानशा गावची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आमच्याकडे पाण्याला पानी म्हणतात आणि लोण्याला लोनी. काय करायलीस, कुठं जायलास, असेच बोलतात. आजोबा रेडिओवर परभणी आकाशवाणीचे शेतीचे कार्यक्रम ऐकायचे, तेव्हा त्यातली माणसे निराळे बोलतात हे कळायचे. पण आमच्या बोलण्यात काही उणे आहे, हे परभणीला शिकायला येईपर्यंत मला ठाऊक नव्हते.

स्वगत पाठ करायचे म्हणून मी मोबाइलवर त्याचे जुने चित्रण शोधून काढले. त्यात भक्ती बर्वे मला पहिल्यांदा दिसल्या. माझा जन्म व्हायच्या पाच-सहा वर्षे आधीच त्या गेल्या होत्या. त्यांच्याविषयी मला काहीही माहीत नव्हते. ते तडतडणारे बोलणे, ते हातवारे, तो संताप आणि त्या संतापामागचे रडू पाहून माझी खात्रीच झाली, की ही बाई अशाच कुठल्या तरी वस्तीत वाढली असणार. मग ग्रंथालयात बसून वाचले, आमच्या मराठीच्या सरांना विचारले, आणि मी थक्क झाले. ही बाई तर आकाशवाणीवर निवेदन करणारी आणि मुंबई दूरदर्शनवर स्वच्छ, शुद्ध मराठीत बातम्या देणारी होती!

भक्ती बर्वे यांचा जन्म १० सप्टेंबर १९४८ रोजी सांगलीत झाला. सांगली हे नाटकवाल्यांचे गाव. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली ‘सीता स्वयंवर’ हे नाटक तिथेच रंगविले आणि मराठी रंगभूमीची सुरुवात तिथून मोजतात. भक्तीताईंची नाटकाशी ओळख लहानपणीच झाली. सुधा करमरकर यांनी मुंबईत लिटल थिएटर ही बालरंगभूमी उभी केली होती. मुलांची नाटके म्हणजे शाळेच्या संमेलनातील हौस नव्हे, त्यांनाही मोठ्यांच्या नाटकाइतकीच शिस्त हवी, असा त्या संस्थेचा बाणा होता. त्या शाळेत भक्तीताई तयार झाल्या.

पुढे त्या मुंबई आकाशवाणीवर निवेदिका झाल्या. निवेदिकेचे काम वरून सोपे वाटते. समोर कागद असतो, तो वाचायचा. पण तिथे चेहरा नाही, हात नाहीत, डोळे नाहीत. ऐकणारा कुठे तरी गोठ्यात, दुकानात, स्वयंपाकघरात आपापल्या कामात असतो. त्याच्यापर्यंत पोहोचायला आवाजाशिवाय दुसरे साधन नाही. शब्दाचे शेवटचे अक्षर गिळले तर अर्थ हरवतो आणि श्वास चुकीच्या जागी घेतला तर वाक्य मोडते. भक्तीताईंच्या पुढच्या सगळ्या कामाचा पाया या खोलीत घातला गेला असावा, असे मला राहून राहून वाटते.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. त्याच्या सुरुवातीच्या काळात जे चेहरे घरोघरी ओळखीचे झाले त्यांत भक्ती बर्वे यांचा चेहरा होता. पुढे सिनेमात गाजलेल्या स्मिता पाटील याही त्याच केंद्रावर मराठी बातम्या वाचत असत. आज आपल्या मोबाइलवर शेकडो वाहिन्या आहेत. तेव्हा एकच वाहिनी होती आणि गल्लीत एखाद्याच घरी संच असे. त्या घराच्या दारात, खिडकीत गर्दी करून लोक बातम्या ऐकत. त्यामुळे बातम्या देणारी व्यक्ती कसे बोलते, यावरून शुद्ध मराठी कशी असते ते लोक ठरवीत. असा मान फार थोड्यांच्या वाट्याला येतो.

त्याच सुमारास त्या रंगभूमीवरही मोठी कामे करू लागल्या होत्या. जर्मन नाटककार ब्रेख्त यांच्या ‘कॉकेशियन चॉक सर्कल’ या नाटकाचे ‘अजब न्याय वर्तुळाचा’ हे मराठी रूप चिं. त्र्यं. खानोलकर यांनी केले आणि विजया मेहता यांनी ते बसविले. बंडाच्या धामधुमीत टाकून दिलेले मालकिणीचे मूल उचलून जिवापाड सांभाळणारी दासी, ही त्यातील मुख्य भूमिका भक्तीताईंनी केली. या नाटकाने त्यांचे नाव जाणकारांत झाले.

आणि १९७५ साली ‘ती फुलराणी’ आले.

बर्नार्ड शॉ यांचे ‘पिग्मॅलियन’ हे नाटक १९१३ साली प्रथम व्हिएन्नात रंगमंचावर आले. फुले विकणाऱ्या एका गावंढळ मुलीला भाषेचा प्राध्यापक पैज लावून शुद्ध बोलायला शिकवितो आणि उच्चभ्रू लोकांत मिरवून आणतो, अशी ती कथा. पु. ल. देशपांडे यांनी ती मराठीत आणताना नावे बदलून भागविले नाही. मराठीच्या उच्चारांतील गमती, मुंबईचे रस्ते, आपल्याकडचा पांढरपेशा अहंकार असे सगळे घालून त्यांनी ते नाटक आपलेच करून टाकले. नावसुद्धा बालकवींच्या ‘फुलराणी’ची आठवण करून देणारे ठेवले. प्राध्यापकाच्या भूमिकेत सतीश दुभाषी होते आणि मंजुळा झाल्या भक्ती बर्वे.

या भूमिकेची अवघड बाजू मला स्वतः स्वगत बसवायला घेतल्यावर कळली. पहिल्या अंकात मंजुळा अस्सल फुटपाथवरची आहे आणि शेवटी ती प्राध्यापकालाही निरुत्तर करील अशा स्वच्छ भाषेत बोलते. ही दोन टोके एक वेळ जमतील. पण मधल्या काळात ती अर्धे शिकलेली आहे. शब्द नवे, हेल जुना. वाक्य नीट सुरू होते आणि राग आला की मूळ बोली उसळून वर येते. हे मधले बोलणे खरे वाटले पाहिजे, आणि प्रेक्षकांनी हसता हसता तिच्या बाजूने उभे राहिले पाहिजे. याच गोष्टीवर हॉलिवूडने १९६४ साली ‘माय फेअर लेडी’ हा सिनेमा काढला. त्यात ऑड्री हेपबर्न दिसतात, पण त्यांची बहुतेक गाणी मार्नी निक्सन या गायिकेने पडद्यामागून म्हटली आहेत. नाटकात अशी सोय नाही. गावंढळ मंजुळा, अर्धवट मंजुळा आणि सुसंस्कृत मंजुळा, तिघींचा आवाज रोज रात्री एकाच गळ्यातून निघायला हवा होता.

प्राध्यापकाच्या जाचाला कंटाळलेली मंजुळा रंगमंचावर एकटी उरते आणि मनातल्या मनात त्याचा सूड घेते, ते हे प्रसिद्ध स्वगत. त्यात विनोद आहे म्हणून आपण हसतो. भक्तीताईंचे स्वगत चार-पाच वेळा पाहिल्यावर मला दुसरेच काही दिसू लागले. त्यांनी मंजुळेच्या बोलीची चेष्टा केलेली नाही. ती बोली त्यांनी तितक्याच काळजीने उच्चारली आहे, जितक्या काळजीने त्या बातम्या वाचीत असतील. एकही अक्षर उगाच वेडेवाकडे केलेले नाही. शुद्ध बोलणारी बाई अशुद्ध बोलून दाखविते तेव्हा बहुधा त्यात एक डोळा मिचकावणे असते, की मी अशी नाही बरे का. भक्तीताईंच्या मंजुळेत ते कुठेच नाही.

इथे मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. पहिल्या वर्षाच्या दिवाळीत माझ्या दोन मैत्रिणी आमच्या गावी आल्या होत्या. मायने हौसेने भाकरी, ठेचा, पिठले केले. त्यांना पानी देऊ का, असे तिने विचारले आणि मी चटकन तिला दुरुस्त केले. पानी नाही, पाणी म्हणावे, असे सगळ्यांसमोर सांगितले. माय काही बोलली नाही. मैत्रिणी जाईपर्यंत ती जवळजवळ काहीच बोलली नाही. वाढताना हाताने खूण करून विचारायची. मी तेव्हा ते लक्षात घेतले नाही. उलट बरेच वाटले, हे लिहिताना लाज वाटते.

‘ती फुलराणी’ वाचताना तो दिवस पुन्हा समोर उभा राहिला. प्राध्यापक मंजुळेला शिकवितो, पण शिकून झाल्यावर तिने कुठे जायचे, याचा विचार त्याने केलेलाच नसतो. आता तिला फुटपाथवर बसून फुले विकता येत नाहीत, आणि मोठ्या लोकांत ती उपरीच असते. माझ्यासारख्या मुलामुलींना हा प्रश्न नाटकातला वाटत नाही. आम्ही एसटीत बसलो की निम्म्या वाटेवर आमची भाषा बदलते. जिंतूरकडे जाताना एक, परभणीकडे येताना दुसरी. त्यात मी आणखी एक पाऊल पुढे गेले होते. मंजुळेला छळणारा प्राध्यापक मी माझ्याच घरात झाले होते.

मंजुळा इतकी गाजली, की भक्ती बर्वे म्हणजे फुलराणी असेच समीकरण झाले. पण त्या तेवढ्यावर थांबल्या नाहीत. अशोक पाटोळे यांच्या ‘आई रिटायर होतेय’ या नाटकात, जन्मभर घरासाठी राबून एके दिवशी निवृत्ती जाहीर करणारी आई त्यांनी उभी केली. अजित दळवी यांच्या ‘गांधी विरुद्ध गांधी’मध्ये नवरा आणि मुलगा यांच्यामध्ये भरडली जाणारी कस्तुरबा त्यांनी साकारली. दळवी हे आपल्या मराठवाड्यातील नाटककार, याचा मला विशेष आनंद वाटतो. १९८३ सालच्या ‘जाने भी दो यारो’ या हिंदी सिनेमात त्यांनी ‘खबरदार’ या पत्राची धूर्त संपादिका शोभा रंगविली. दूरदर्शनसाठी त्या बहिणाबाई चौधरीही झाल्या. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. खानदेशी बोलीत त्या शेतात, जात्यावर गाणी रचीत गेल्या आणि मुलाने ती लिहून ठेवली म्हणून आपल्याला मिळाली. आज ती गाणी विद्यापीठात अभ्यासाला आहेत. शुद्ध मराठीची निवेदिका पुन्हा एकदा बोलीकडेच गेली, याला मी योगायोग समजत नाही.

१९९० साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यांचे पती शफी इनामदार हेही रंगभूमीवरील, सिनेमातील आणि दूरदर्शनवरील नावाजलेले अभिनेते होते. ते १९९६ साली गेले. जून २००० मध्ये पु. ल. गेले. भक्तीताई ‘पु. ल., फुलराणी आणि मी’ हा कार्यक्रम करीत असत. असाच वाईचा कार्यक्रम आटोपून मुंबईला परतताना, १२ फेब्रुवारी २००१ रोजी, मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर त्यांच्या मोटारीला अपघात झाला आणि त्यात त्यांचा अंत झाला. वय अवघे बावन्न. कलावंत शेवटपर्यंत कामात असावा म्हणतात, तसे झाले खरे. पण अजून कितीतरी भूमिका त्यांच्या गळ्यात शिल्लक असतील, ही हळहळ उरतेच.

मी संमेलनात ते स्वगत केले. तयारीला तीन आठवडे लागले, कारण मैत्रिणीचे म्हणणे साफ चुकीचे ठरले. मंजुळेची बोली माझी बोली नव्हती. ती मुंबईच्या रस्त्यावरची, मी जिंतूरकडची. तिचा हेल वेगळा, शब्द वेगळे, राग काढण्याची तऱ्हाही वेगळी. गावाकडचे सगळे सारखेच बोलतात असे ज्यांना वाटते, त्यांनी गावाकडचे बोलणे कधी कान देऊन ऐकलेले नसते. मलाही भक्तीताईंसारखेच एकेक अक्षर शिकावे लागले. बक्षीस मिळाले नाही. पण अभिनय करावा लागला, याचेच मला समाधान आहे.

परभणी आकाशवाणीवर आवाजाची चाचणी द्यावी, असे आता मनात आहे. त्यासाठी ण आणि न, ळ आणि ल यांचा रोज सराव करते. प्रमाण भाषा ही शिकण्याची वस्तू आहे. ती कष्टाने येते आणि तिने चार दारे उघडतात, हे मी जाणते. तिच्यामुळे माणूस मोठा किंवा लहान होत नाही, हे मात्र मला फुलराणीने शिकविले.

गेल्या संक्रांतीला गावी गेले तेव्हा मायला म्हटले, तुझ्या जात्यावरच्या ओव्या सांग, मला लिहून घ्यायच्या आहेत. ती आधी लाजली. तुझ्या वहीत शोभतील का, असे तिने विचारले. मग सांगू लागली. मी तिच्या उच्चाराप्रमाणेच लिहीत गेले, एक अक्षरही बदलले नाही. मध्येच घसा कोरडा पडला म्हणून ती थांबली, आणि मी उठून तिला पानी दिले.

(बी. ए. द्वितीय वर्ष)