विश्लेषण : कारखान्यांच्या हवेतील विषाचा माग काढणाऱ्या डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन कोण होत्या?

कारखान्यात विषबाधा झाली तर दोष कुणाचा? हात न धुता जेवणाऱ्या कामगाराचा की विषारी धूळ हवेत सोडणाऱ्या कारखान्याचा? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतील बहुतेक कारखानदारांचे उत्तर ठरलेले होते, दोष कामगाराचाच. हे उत्तर पुराव्यानिशी खोडून काढले डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी. आज शिसे, आर्सेनिक यांसारख्या विषांचे कामाच्या जागी हवेत किती प्रमाण चालेल, हे कायदा ठरवतो. त्यामागचा विचार अमेरिकेत रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

डॉक्टर झाल्या, पण कारखान्यांकडे कशा वळल्या?

हॅमिल्टन यांचा जन्म २७ फेब्रुवारी १८६९ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला, बालपण इंडियाना राज्यातील फोर्ट वेन येथे गेले. ग्रीक पुराणकथांवरील लेखनासाठी प्रसिद्ध असलेल्या एडिथ हॅमिल्टन या त्यांच्या थोरल्या भगिनी. अ‍ॅलिस यांनी १८९३ मध्ये मिशिगन विद्यापीठातून वैद्यकीय पदवी घेतली आणि पुढे जर्मनीत शिक्षण घेतले. १८९७ मध्ये शिकागोत महिलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकवण्यासाठी त्या आल्या आणि जेन अ‍ॅडम्स यांच्या ‘हल हाऊस’ या वस्तीकेंद्रात राहू लागल्या. आजूबाजूला स्थलांतरित कामगारांची दाट वस्ती होती. तरणीताठी माणसे अचानक अशक्त होत, पोटात असह्य कळा येत, मनगटे लुळी पडत. प्रयोगशाळेत न दिसणारा हा आजार त्यांना शेजारच्या घरांत दिसला. युरोपात अशा आजारांवर कायदे आणि पुस्तके होती, अमेरिकेत मात्र जवळपास काहीच नव्हते.

इलिनॉयच्या पाहणीत काय आढळले?

१९१० मध्ये इलिनॉय राज्याने व्यावसायिक आजारांची पाहणी हाती घेतली आणि तिची सूत्रे हॅमिल्टन यांच्याकडे दिली. त्यांनी स्वतः शिशाचा विषय निवडला. कोणत्या उद्योगात शिसे वापरतात, याची यादीही तेव्हा उपलब्ध नव्हती. त्यांनी रुग्णालयांच्या नोंदी चाळल्या, औषध दुकानदार व धर्मगुरूंकडे चौकशी केली. कारखान्यात कामगार नोकरीच्या भीतीने बोलत नसत, म्हणून त्या थेट त्यांच्या घरी जात. शिशाचा वापर करणाऱ्या ७७ प्रक्रिया आणि शिशाच्या विषबाधेची ५७८ प्रकरणे त्यांनी नोंदवली. त्यात रंगाचे कारखाने होते, तसेच कुणाला शंकाही येणार नाही असे बाथटबवर मुलामा चढवण्याचे कामही होते. तिथे तापून लाल झालेल्या टबवर शिसेयुक्त भुकटी शिंपडली जाई आणि ती कामगाराच्या श्वासात जाई. या पाहणीनंतर १९११ मध्ये इलिनॉयने व्यावसायिक आजारांचा कायदा केला. धोकादायक कामांतील कामगारांची दरमहा वैद्यकीय तपासणी आणि आजाराची नोंद बंधनकारक झाली.

हात धुण्याऐवजी धुळीवर भर का?

कामगार अस्वच्छ हातांनी जेवतात म्हणून शिसे पोटात जाते, असा समज होता. तो मान्य केला की मालकाने नळ आणि साबण दिला की जबाबदारी संपली. हॅमिल्टन यांनी दाखवून दिले, की खरा धोका धूळ आणि वाफ यांचा आहे. श्वासावाटे गेलेले बारीक कण फुप्फुसातून थेट रक्तात उतरतात. हात कितीही धुतले तरी श्वास थांबवता येत नाही. म्हणजे उपायही कामगाराच्या सवयीत नाही, यंत्रात हवा. धूळ उडते तिथेच ती ओढून घेणारे पंखे, बंदिस्त यंत्रे आणि कोरड्याऐवजी ओली प्रक्रिया हे ते उपाय.

कारखानदारांना कसे पटवले?

१९११ पासून त्यांनी केंद्र सरकारच्या कामगार विभागासाठी तपासणी सुरू केली. पद विचित्र होते. कारखान्यात शिरण्याचा कायदेशीर अधिकार नव्हता, नियमित पगारही नव्हता. अहवाल पूर्ण झाला की सरकार तो विकत घेणार होते. हाती फक्त पुरावा होता. एका मोठ्या शिसे कंपनीचे उपाध्यक्ष एडवर्ड कॉर्निश यांनी आपल्या कारखान्यात विषबाधा असल्याचे आधी नाकारले. हॅमिल्टन यांनी रुग्णालयात दाखल करावे लागलेल्या २२ कामगारांची प्रकरणे त्यांच्यापुढे ठेवली. कॉर्निश यांनी शब्द पाळला, धूळ रोखण्याची व्यवस्था केली आणि डॉक्टरही नेमले. मात्र सगळेच मालक असे नव्हते, त्यामुळे मन वळवण्याबरोबर कायदाही हवा, असे त्यांचे मत होते.

हार्वर्डने कोणत्या अटी घातल्या?

१९१९ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना औद्योगिक वैद्यकशास्त्राच्या सहायक प्राध्यापक म्हणून नेमले. त्या हार्वर्डच्या पहिल्या महिला अध्यापक ठरल्या. मात्र प्राध्यापकांच्या क्लबमध्ये प्रवेश नाही, फुटबॉल सामन्याची तिकिटे नाहीत आणि पदवीदान मिरवणुकीत स्थान नाही, असे बजावण्यात आले. वर्षातील अर्धा काळ शिकवायचे आणि उरलेला काळ तपासणीसाठी, अशी व्यवस्था त्यांनी स्वतः मागून घेतली. १९३५ मध्ये त्या निवृत्त झाल्या, तेव्हाही सहायक प्राध्यापकच होत्या.

त्यांचे कोणते इशारे दुर्लक्षित राहिले?

१९२४ मध्ये न्यू जर्सीतील कारखान्यात पेट्रोलमध्ये मिसळण्याचे शिशाचे संयुग तयार करताना पाच कामगार मरण पावले. २० मे १९२५ रोजी वॉशिंग्टनमध्ये परिषद झाली. गाड्यांच्या धुरातून शिसे सर्वांच्या श्वासात जाईल, असा इशारा देत हॅमिल्टन यांनी विरोध केला. तरीही विक्री सुरू राहिली. अमेरिकेत रस्त्यांवरील वाहनांसाठी शिसेयुक्त पेट्रोल १९९६ मध्ये, तर भारतात २००० मध्ये बंद झाले.

आर्सेनिकशी याचा संबंध काय?

तांबे आणि शिशाच्या खनिजांत अनेकदा आर्सेनिक असते. खनिज भाजताना त्याची वाफ होते आणि थंड होताच धुराड्यात पांढरी भुकटी साचते. हाच सोमल. ही भुकटी साफ करणाऱ्यांना सर्वाधिक धोका असतो. त्वचा जाड होणे, नाकातील पडद्याला भोक पडणे, मज्जातंतूंना इजा आणि दीर्घकाळाने कर्करोग हे त्याचे परिणाम. १९६९ मध्ये मोंटाना राज्यातील धातू गाळणाऱ्या सुमारे ८ हजार कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्यात श्वसनमार्गाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सर्वसाधारण प्रमाणाच्या सुमारे तिप्पट होते.

२२ सप्टेंबर १९७० रोजी, वयाच्या १०१ व्या वर्षी हॅमिल्टन यांचे निधन झाले. त्यानंतर तीन महिन्यांनी, २९ डिसेंबरला, अमेरिकेत कामगार सुरक्षा व आरोग्य कायद्यावर स्वाक्षरी झाली. याच कायद्याखाली १९७८ मध्ये आर्सेनिकची मर्यादा घनमीटर हवेत ५०० मायक्रोग्रॅमवरून १० मायक्रोग्रॅमवर आणली गेली. या नियमात आधी यंत्रणा सुधारायची आणि तेवढ्याने भागले नाही तरच मास्क, असा क्रम आहे. हवेची मोजणी, वेगळी जेवणाची खोली, स्नानगृहे आणि वैद्यकीय तपासणीही मालकाचीच जबाबदारी.

भारतात काय स्थिती?

१९४८ च्या कारखाने कायद्याने शिसे, पारा, आर्सेनिक यांची विषबाधा ‘कळवणे बंधनकारक’ असलेल्या आजारांत धरली. असा रुग्ण आढळल्यास कारखान्याच्या व्यवस्थापकाने आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरने सरकारी यंत्रणेला कळवायचे असते. पण कळवण्यासाठी आधी आजार ओळखावा लागतो. त्यासाठी पोटदुखी किंवा अशक्तपणा घेऊन आलेल्या रुग्णाला डॉक्टरने एक साधा प्रश्न विचारायला हवा, तुम्ही काम काय करता? हॅमिल्टन यांची तपासणी याच प्रश्नापासून सुरू होत असे.