हुंडणावळीचा तोटा कोणी सोसला?

वांद्रे-कुर्ला संकुलातील रिझर्व्ह बँकेच्या इमारतीवरून सहलीची बस गेली की मुले हमखास विचारतात, ही बँक बाबासाहेबांनीच काढली ना? उत्तर एका शब्दात देता येत नाही. त्यासाठी रुपया आणि पौंड यांच्या जुन्या हिशेबाकडे, आणि पेन्शनीवर चाललेल्या एका घराकडे जावे लागते.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ पुढे थोड्याच वर्षांत लष्करातून निवृत्त झाले. दापोली, सातारा, मग मुंबई असा संसार फिरला. त्याचा मुख्य आधार होता पेन्शनीचे रुपये. त्याच काळात चांदी घसरत होती आणि तिच्याबरोबर रुपयाही. १८७० च्या सुमारास जवळजवळ २ शिलिंगांना असलेला रुपया १८९२-९३ मध्ये १ शिलिंग ३ पेन्सांवर आला. सनदी गोऱ्या अधिकाऱ्याचे वार्षिक १,००० पौंडांचे पेन्शन पौंडांतच ठरलेले असल्यामुळे त्याला ओरखडाही उठला नाही. भारताच्या तिजोरीला मात्र तेच पेन्शन १०,००० रुपयांऐवजी १६,००० रुपयांना पडू लागले. ज्या इतर गोऱ्या नोकरांची पेन्शने रुपयांत होती त्यांनी गाऱ्हाणे मांडले, तेव्हा विलायतेत त्यांना रुपयामागे किमान १ शिलिंग ९ पेन्स मिळू लागले. म्हणजे ५,००० रुपयांच्या पेन्शनीचे बाजारभावाने ३१२ पौंड १० शिलिंग झाले असते, ते ४३७ पौंड १० शिलिंग झाले. चाकरीत असलेल्या युरोपियनांसाठी १८९३ मध्ये भरपाई भत्ता आला. त्यांचा अर्धा पगार, वर्षाला १,००० पौंडांच्या मर्यादेत, १ शिलिंग ६ पेन्स भावाने धरला जाई. फरक रयतेच्या करांतून. सुभेदारांच्या पेन्शनीला हुंडणावळीची झळ थेट बसत नव्हती हे खरे. पण महागाईपासून तिचे रक्षण करणारा कोणताही भत्ता नव्हता.

कोलंबिया विद्यापीठातील शिक्षणानंतर भीमराव नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगारातून पैसा शिल्लक टाकून, उरलेला स्नेह्यांकडून उसना घेऊन ते जुलै १९२० मध्ये पुन्हा लंडनला निघाले. त्याच वर्षी सरकारने रुपयाचा दर २ शिलिंग ठरवला होता. तो काही महिनेही टिकला नाही, आणि १९२१ मध्ये रुपया पुन्हा १ शिलिंग ३-४ पेन्सांच्या घरात उतरला. रुपयांत साठवून पौंडांत जगणाऱ्या विद्यार्थ्याला हा धडा पुस्तकातून शिकावा लागला नसणार!

त्यांचा प्रबंध रुपयाच्या प्रश्नावरच होता. परीक्षकांनी फेरलेखन करायला लावले. अखेर १९२३ मध्ये तो मान्य झाला आणि लंडनमध्ये ग्रंथरूपाने निघाला. अर्पणपत्रिका आईवडिलांच्या स्मृतीस आहे. गोऱ्या नोकरांची अडचणही त्यात आकसाशिवाय नोंदवलेली आढळते. पण स्वस्त रुपयाने देशाचा व्यापार वाढतो हे मत बाबासाहेबांनी खोडून काढले. भाव चढतात, मजुरी मागे राहते, आणि निर्यातदाराचा नफा मजुराच्या ताटातून येतो, असे त्यांनी दाखवले. माझ्या मते ग्रंथाचा जीव याच प्रकरणात आहे.

डिसेंबर १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. गिरणीमालक १ शिलिंग ४ पेन्सांचा आग्रह धरत असताना, चढा दर मिळकतीवर जगणाऱ्यांच्या हिताचा, असे धरून त्यांचा कल १ शिलिंग ६ पेन्सांकडे होता. चलन सांभाळणाऱ्याच्या मर्जीवर रुपया सोडण्यास त्यांचा विरोध होता. मध्यवर्ती बँकेची शिफारस या आयोगाने केली. १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली. बँक त्यांनी काढली असे व्याख्यानांतून सांगितले जाते. त्यापेक्षा, बँकेमागच्या प्रश्नाला ते थेट भिडले, एवढेच मुलांना सांगावे.

पेन्शनीचा हिशेब स्वातंत्र्यानंतरही उरला होता. बाबासाहेब कायदेमंत्री असताना, १९४८ मध्ये, भारताने लंडनमधील आपल्या शिलकेतून सुमारे १६ कोटी ८० लाख पौंड एकरकमी देऊन या पेन्शनींसाठीचे वार्षिक हप्ते विकत घेतले. ज्या घटनेच्या मसुदा समितीचे ते अध्यक्ष होते, तिच्या ३१४ व्या कलमाने जुन्या सनदी नोकरांच्या पगार-पेन्शनीची हमी कायम ठेवली. १९७२ मध्ये, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १६ वर्षांनी, ते कलम वगळण्यात आले.