होसे रिझाल आणि त्यांच्या भाषा

फिलिपाइन्सचे राष्ट्रपुरुष होसे रिझाल हे देशभक्त आणि कादंबरीकार म्हणून जगाला ठाऊक आहेत. ते नेत्रवैद्य होते, आणि पदवीचा अभ्यास चालू असतानाच त्यांनी अनेक परकीय भाषांचा व्यासंग केला, ही गोष्ट मात्र आपल्याकडे फारशी परिचित नाही.

त्यांचा जन्म १९ जून १८६१ रोजी कालांबा या गावी झाला. देशावर स्पेनचे राज्य होते. घरची भाषा तागालोग, तर दरबारची स्पॅनिश. मातोश्री तेओदोरा स्वतः शिकलेल्या होत्या आणि मुलाला अक्षरओळख त्यांनीच करून दिली. रात्री दिव्यापाशी बसून त्या स्पॅनिश वाचनपुस्तकातल्या गोष्टी त्याला तागालोगमध्ये समजावून सांगत. पुढे खोट्या आळापायी या माउलीला सुमारे अडीच वर्षे तुरुंगवास घडला. नंतर तिची दृष्टी मंदावू लागली, तेव्हा मुलाने डोळ्यांचा वैद्य होण्याचा निश्चय केला.

मे १८८२ मध्ये रिझाल आईवडिलांना न सांगता स्पेनला निघाले. थोरले बंधू पासियानो यांनी पैशांची तजवीज केली. थोरली बहीण सातुर्निना हिने आपली हिऱ्याची अंगठी भावाच्या हाती दिली. माद्रिदच्या विद्यापीठात त्यांनी वैद्यक आणि तत्त्वज्ञान-साहित्य असे दोन अभ्यासक्रम एकदम घेतले. शिवाय बाहेर इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मन यांची शिकवणी चालूच होती. घरून पैसे वेळेवर येत नसत. २५ जून १८८४ रोजी ते उपाशीपोटी ग्रीक भाषेच्या स्पर्धेस बसले आणि पहिले आले! वैद्यकाची पदवी त्यांना त्याच महिन्यात मिळाली, दुसरी पुढल्या वर्षी.

त्या काळी नेत्रचिकित्सेत जर्मनीची मोठी ख्याती होती. पॅरिसमध्ये डॉ. वेकर यांच्या हाताखाली अनुभव घेऊन रिझाल १८८६ साली हायडेलबर्गला डॉ. बेकर यांच्याकडे गेले. भाषा जिभेवर रुळावी म्हणून ते जवळच्या विल्हेल्म्सफेल्ड खेड्यात पाद्री उल्मर यांच्या कुटुंबात राहिले. शिलरचे ‘विल्हेल्म टेल’ हे स्वातंत्र्यवीराचे नाटक त्यांनी तागालोगमध्ये आणले. १८८७ साली बर्लिनमध्ये त्यांची पहिली स्पॅनिश कादंबरी छापली गेली. तिने धर्मगुरूंच्या जुलमावर बोट ठेवल्यामुळे सत्ताधारी खवळले. पुढे हाँगकाँगमध्ये त्यांनी मातोश्रींच्या मोतीबिंदूवर स्वतः शस्त्रक्रिया केली. तिने वेचून दिलेली अक्षरे अशी तिच्या डोळ्यांच्या कामी आली.

वर्धापनदिनी आपण भगिनींनी आठवावी अशी एक हकीकत आहे. डिसेंबर १८८८ मध्ये मालोलोस गावच्या वीस तरुणींनी गव्हर्नर जनरलना अर्ज दिला, की आम्हाला स्पॅनिश शिकायचे आहे, रात्रीच्या शाळेची परवानगी द्यावी. तेथील धर्मगुरूने विरोध केला. राज्यकर्त्यांची भाषा बायकांना कळू लागली तर त्या प्रश्न विचारतील, हे भय त्यामागे होते. मुलींनी हट्ट सोडला नाही. शिकवणारी बाईच असावी, अशा अटींवर परवानगी मिळाली. शाळा काही महिनेच चालली, पण पायंडा पडला. रिझाल तेव्हा लंडनला होते. त्यांनी फेब्रुवारी १८८९ मध्ये या मुलींना एक दीर्घ पत्र लिहिले, तेही मायबोली तागालोगमध्ये. त्यात त्यांनी मुलींच्या धैर्याचे कौतुक केले आणि आई डोळस असेल तरच मुले ताठ मानेची होतील असे सांगितले.

१८९२ साली सरकारने त्यांना दापितान येथे हद्दपार केले. तेथे चार वर्षे त्यांनी रुग्ण तपासले, मुलांना स्पॅनिश व इंग्रजी शिकवले आणि स्वतः तेथील लोकांच्या बोली शिकले. पुढे बंडाचा आरोप ठेवून त्यांना मृत्युदंड सुनावण्यात आला. आदल्या दिवशी आई आणि बहिणी भेटीस आल्या. भोवती स्पॅनिश पहारेकरी होते. स्पिरिटची एक लहानशी शेगडी बहीण त्रिनिदादला भेट म्हणून देताना रिझाल यांनी आत काही ठेवले आहे हे हळूच इंग्रजीत सांगितले. तिला ते समजले, पहारेकऱ्यांना समजले नाही. त्या शेगडीत त्यांची अखेरची कविता होती. ३० डिसेंबर १८९६ रोजी त्यांना मनिला येथे गोळ्या घालण्यात आल्या. ते पस्तीस वर्षांचे होते.

पदवीच्या जोडीला शिकलेली भाषा हा नुसता अलंकार नव्हे. संसाराच्या धबडग्यात दुसरी भाषा शिकू पाहणाऱ्या भगिनींनी मालोलोसच्या त्या वीस मुलींना जरूर स्मरावे.