रात्रपाळीतला डॉक्टर

गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा या जिल्ह्यांत हत्तीरोगाविरुद्धची मोहीम निघते, तेव्हा आरोग्य कर्मचारी आणि आशाताई घरोघरी जाऊन डीईसीच्या गोळ्या देतात आणि त्या समोरच गिळायला लावतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात नाव नोंदवलेल्या गरोदर बाईला लोह आणि फोलिक अ‍ॅसिडची गोळी मिळते. संधिवाताचा एखादा रुग्ण आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट घेतो. या तिन्ही गोळ्यांचा माग काढत मागे गेले, तर वाट एकाच माणसाच्या प्रयोगशाळेपाशी पोचते. त्याचे नाव डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव. ज्या क्षेत्राला त्याने एवढे दिले, त्या क्षेत्रात शिरायला मात्र त्याला ना धड नोकरी मिळत होती, ना शिष्यवृत्ती.

सुब्बाराव यांचा जन्म १२ जानेवारी १८९५ रोजी तेव्हाच्या मद्रास इलाख्यातील भीमावरम येथे झाला. वडील महसूल खात्यात होते, पण आजारपणामुळे नोकरी लवकर सुटली आणि घरात ओढाताण सुरू झाली. मुलगा अभ्यासात काही चमकत नव्हता. तेराव्या वर्षी तो घरातून पळाला. काशीला जाऊन यात्रेकरूंना केळी विकायची आणि पैसे कमवायचे, असा त्याचा बेत होता. वाटेतच त्याला पकडून परत आणले. मॅट्रिक तो तिसऱ्या खेपेला पास झाला. मधल्या काळात वडील गेले होते आणि आईने, व्यंकम्मांनी, दागिने विकून त्याचे शिक्षण चालू ठेवले होते. मद्रासला कॉलेजात असताना त्याला रामकृष्ण मिशनमध्ये जाऊन संन्यास घ्यावासा वाटला. आईने परवानगी दिली नाही. आईच्या संमतीशिवाय मिशनही घेईना. मग सेवाच करायची तर डॉक्टर होऊन करावी, असे ठरले आणि त्याने मद्रास मेडिकल कॉलेजात प्रवेश घेतला. फीचा भार मित्रांनी आणि पुढे सासरे झालेल्या कस्तुरी सूर्यनारायण मूर्ती यांनी उचलला.

शिक्षण चालू असतानाच घरावर घाला पडला. काही दिवसांच्या अंतराने दोन भाऊ संग्रहणीने गेले. उष्ण प्रदेशातल्या या आजाराला डॉक्टर ‘ट्रॉपिकल स्प्रू’ म्हणतात. आतड्याचे अस्तर बिघडते, खाल्लेले अंगी लागत नाही, सतत जुलाब होतात, जीभ सोलवटते, रक्त कमी होत जाते आणि माणूस खंगतो. त्या काळी यावर खात्रीचा इलाज नव्हता. पुढे स्वतः सुब्बाराव यांनाही हाच आजार जडला आणि आयुर्वेदाचार्य डॉ. अचंट लक्ष्मीपती यांच्या उपचाराने ते बरे झाले. भावांचे मरण आणि स्वतःचे वाचणे, या दोन्ही गोष्टी त्यांच्या मनात कायमच्या राहिल्या.

ते दिवस स्वदेशीचे होते. गांधीजींच्या हाकेला प्रतिसाद म्हणून सुब्बाराव शस्त्रक्रियेच्या वर्गात खादीचा अंगरखा घालून जाऊ लागले. शल्यचिकित्सेच्या इंग्रज प्राध्यापकांना ते रुचले नाही. लेखी परीक्षेत चांगले गुण असूनही सुब्बाराव यांना एमबीबीएसची पूर्ण पदवी मिळाली नाही, एलएमएस या कमी दर्जाच्या पदवीवर समाधान मानावे लागले. त्याचा फटका लगेच बसला. मद्रासच्या सरकारी वैद्यकीय सेवेत जाण्याचा प्रयत्न फसला. अखेर लक्ष्मीपतींच्याच आयुर्वेद महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवण्याची नोकरी त्यांनी धरली. काम मनापासून केले, पण ओढ होती ती संशोधनाची.

याच सुमारास रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने मद्रास इलाख्यात अंकुशकृमींविरुद्ध मोहीम सुरू होती. त्या कामावरच्या एका अमेरिकन डॉक्टरशी त्यांची गाठ पडली आणि अमेरिकेत जाऊन उष्ण कटिबंधातल्या रोगांचा अभ्यास करता येईल, ही कल्पना मनात बसली. हार्वर्ड विद्यापीठाच्या ट्रॉपिकल मेडिसिन स्कूलने प्रवेश दिला, पण शिष्यवृत्ती दिली नाही. आजही परदेशी विद्यापीठाचे प्रवेशपत्र हातात आणि पैशाची सोय शून्य, अशी अवस्था अनेक मुलांची होते. सुब्बाराव यांची शंभर वर्षांपूर्वी नेमकी तीच होती. काकीनाड्याच्या सत्यलिंग नायकर धर्मादाय संस्थेने मदतीचे आश्वासन दिले, सासऱ्यांनी पैसे उभे केले आणि सुब्बाराव बोटीत चढले. २६ ऑक्टोबर १९२२ रोजी ते बॉस्टनला पोचले. मागे राहिलेली पत्नी शेषगिरी तेव्हा गरोदर होती. मुलगा झाला, पण तान्हेपणीच आजाराने गेला. बापाने त्याला कधी पाहिलेच नाही.

बॉस्टनमध्ये पहिला प्रश्न पोटाचा होता. भारतातल्या पदवीवर अमेरिकेत डॉक्टरकी करता येत नव्हती आणि रुग्णालयात शिकाऊ डॉक्टर म्हणूनही जागा मिळेना. स्कूलचे प्रमुख डॉ. रिचर्ड स्ट्राँग यांनी या विद्यार्थ्याला आधार दिला. जवळच्या पीटर बेंट ब्रिगहॅम रुग्णालयात त्यांना अखेर काम मिळाले, ते रात्रपाळीच्या वॉर्डबॉयचे. रुग्णांची मलमूत्राची भांडी उचलायची आणि धुवायची. हातात वैद्यकीय पदवी असलेला माणूस रात्री हे काम करी आणि दिवसा वर्गात बसे. असे करत त्यांनी पदविका मिळवली.

त्यानंतर ते हार्वर्डच्याच जीवरसायनशास्त्र विभागात सायरस फिस्क यांच्या हाताखाली आले. तिथे पहिले काम मिळाले ते वरवर साधे दिसणारे: रक्तात आणि लघवीत फॉस्फरस किती आहे ते मोजायची खात्रीची पद्धत शोधायची. नमुन्यात मॉलिब्डेटचे द्रावण आणि आणखी एक रसायन घातले की निळा रंग येतो; रंग जितका गडद, तितका फॉस्फरस जास्त. १९२५ साली प्रसिद्ध झालेली ही ‘फिस्क-सुब्बाराव पद्धत’ पुढे जगभरच्या प्रयोगशाळांत वापरली गेली आणि जीवरसायनशास्त्राच्या पुस्तकांत गेली.

या पद्धतीनेच पुढचा शोध हाती दिला. स्नायूंचा अर्क तपासताना रंग एकदम न येता हळूहळू चढत होता. दुसऱ्या कुणी ती चूक समजून सोडून दिली असती. या दोघांनी कारण शोधले. स्नायूत फॉस्फरसचे एक नाजूक संयुग होते आणि ते आम्लात सावकाश फुटत होते. ते होते फॉस्फोक्रिएटिन. १९२७ मध्ये हा शोध जाहीर झाला आणि स्नायू आकुंचन पावताना शक्ती कुठून येते, याविषयी तोवर मान्य असलेले मत बदलावे लागले. १९२९ मध्ये त्यांनी एटीपी वेगळे केल्याचे जाहीर केले. जवळपास त्याच वेळी जर्मनीत कार्ल लोमान यांनीही स्वतंत्रपणे ते शोधले होते. पेशीच्या रोजच्या खर्चाला लागणारी शक्ती पुरवणारा हा रेणू आज शाळेतली मुलेही ओळखतात. १९३० मध्ये सुब्बाराव यांना पीएचडी मिळाली. रॉकफेलरच्या पैशावर काम पुढे चालले, पण हार्वर्डमध्ये कायमचे पद मात्र मिळाले नाही. १९४० मध्ये त्यांनी विद्यापीठ सोडले आणि न्यूयॉर्कजवळच्या पर्ल रिव्हर येथे लेडर्ली या औषध कंपनीत ते दाखल झाले. थोड्याच काळात तिथल्या संशोधनाची सगळी सूत्रे त्यांच्या हाती आली.

आता जुने दुखणे पुन्हा समोर आले. संग्रहणीत आणि काही प्रकारच्या रक्तक्षयात शरीराला नेमके कशाची उणीव पडते? या कोड्याचा एक धागा मुंबईत सापडला होता. १९२८ च्या सुमारास लूसी विल्स ही ब्रिटिश डॉक्टर मुंबईत आली आणि कापडगिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांच्या रक्तक्षयाचा तिने अभ्यास केला. यीस्टच्या अर्काने त्या बायका बऱ्या होतात, हे तिने १९३१ मध्ये दाखवून दिले. अर्कातला गुणकारी पदार्थ मात्र कुणाला ठाऊक नव्हता. तो म्हणजेच फोलिक अ‍ॅसिड. सुब्बाराव यांच्या चमूने ते यकृतातून शुद्ध स्वरूपात मिळवले आणि १९४५ मध्ये प्रयोगशाळेत तयार केले. आता ते हवे तेवढे बनवता येणार होते. संग्रहणीच्या रुग्णांना ते दिल्यावर रक्त सुधारले, जीभ भरून आली, भूक परतली. भावांना उपयोगी पडले असते असे औषध तयार झाले, ते त्यांच्या मृत्यूनंतर सुमारे पाव शतकाने.

फोलिक अ‍ॅसिडशिवाय नव्या पेशी तयार होत नाहीत. मग ते अडवले, तर कर्करोगाच्या पेशींची वाढही अडेल का? या विचारातून त्याच चमूने फोलिक अ‍ॅसिडसारखीच दिसणारी, पण त्याचे काम रोखणारी संयुगे बनवली. त्यांतले अमिनोप्टेरिन बॉस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या मुलांना दिले. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात १६ पैकी १० मुलांमध्ये आजार काही काळापुरता मागे हटल्याची नोंद आहे. आजार पुन्हा उलटला, पण औषधाने ल्युकेमियाला रोखता येते हे प्रथमच दिसले. मेथोट्रेक्सेट हे त्याच कुळातले.

याच प्रयोगशाळेने १९४७ मध्ये डायइथिलकार्बामाझिन, म्हणजे आपले डीईसी, हे हत्तीरोगावरचे औषध पुढे आणले. १९४८ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन डुगर यांनी मातीतल्या सूक्ष्मजीवापासून मिळवलेले ऑरिओमायसिन जाहीर झाले. टेट्रासायक्लिन गटातले ते पहिले प्रतिजैविक. १९९४ मध्ये बीड आणि सुरतेत प्लेगने हाहाकार उडवला, तेव्हा लोक औषधाच्या दुकानांत ज्या गोळ्यांसाठी रांगा लावत होते, त्या याच गटातल्या होत्या.

सुब्बाराव हे सारे यश सहकाऱ्यांच्या नावावर टाकत. प्रसिद्धीपासून ते दूर राहत. ऑगस्ट १९४८ मध्ये एका सकाळी ते आपल्या बिछान्यात मृतावस्थेत आढळले. वय ५३. हृदयविकाराने झोपेतच अंत झाला होता. १९२२ नंतर ते भारतात परतले नाहीत आणि पत्नीची भेट पुन्हा झाली नाही. जन्मशताब्दीच्या वर्षी, १९९५ मध्ये, भारत सरकारने त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले.

त्यांची औषधे मात्र रोज घराघरांत पोचतात. गरोदर स्त्रीला चौथ्या महिन्यापासून किमान १८० दिवस घ्यायला सांगितलेल्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोहाबरोबर ५०० मायक्रोग्रॅम फोलिक अ‍ॅसिड असते. बाळाच्या मज्जारज्जूतले जन्मजात दोष टाळायचे, तर ते गर्भधारणेच्या आधीपासून घेणे चांगले. मोहिमेतली डीईसीची गोळी उपाशीपोटी घ्यायची नसते. दोन वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया आणि गंभीर आजारी व्यक्तींना ती देत नाहीत. हत्तीरोगाचे बारीक जंतू रक्तात येतात ते रात्री. म्हणून त्यांचा शोध घेणारे आरोग्य कर्मचारी गावात नमुने घ्यायला रात्रीच फिरतात. यांतले कितीतरी जण कंत्राटी, कमी पगारावरचे, क्षेत्रात नुकतेच आलेले असतात. सुब्बाराव यांचीही या क्षेत्रातली सुरुवात रात्रपाळीनेच झाली होती.