'हर्मिशियन'वाला हर्मिट

मॅट्रिक्सच्या धड्यात 'हर्मिशियन' हा शब्द आपण सगळेच घोकतो. पण तो ज्याच्या नावावरून आला तो बाबा कोण होता? शार्ल हर्मिट, जन्म २४ डिसेंबर १८२२, फ्रान्समधल्या द्यूझ गावचा. उजवा पाय जन्मापासून अधू.

१८४२ मध्ये एकोल पॉलिटेक्निकला ६८ व्या नंबरने प्रवेश मिळाला, पण वर्षभरातच पायाचं कारण दाखवून पुढे शिकू देणार नाही म्हणाले. वजनदार लोकांनी रदबदली केली, तेव्हा परत घ्यायला तयार झाले, पण जाचक अटींवर. पठ्ठ्याने कॉलेजच सोडलं! पदवीला १८४७ उजाडलं. आणि १८४८ मध्ये त्याच कॉलेजने त्याला प्रवेश परीक्षेचा परीक्षक नेमलं. आता बोला!

१८५५ मध्ये त्याने दाखवलं (आजच्या भाषेत सांगायचं तर) की जी कॉम्प्लेक्स मॅट्रिक्स स्वतःच्या कॉन्जुगेट ट्रान्सपोजइतकीच असते, तिच्या सगळ्या आयगेन व्हॅल्यू वास्तव असतात. १८७३ मध्ये 'ई' ही संख्या ट्रान्सेंडेंटल असल्याचं सिद्ध केलं. १४ जानेवारी १९०१ ला पॅरिसमध्ये वारला.

'आर' लँग्वेजमध्ये काम करणाऱ्यांना तो रोज भेटतो, फक्त ओळख द्यावी लागते. तिथलं 'टी' फंक्शन नुसतं ट्रान्सपोज करतं, 'आय'चं चिन्ह बदलत नाही. 'क्रॉसप्रॉड'चंही तेच. १ आणि आय असा व्हेक्टर घ्या: नुसत्या ट्रान्सपोजने गुणला तर लांबीचा वर्ग शून्य येतो! व्हेक्टर समोर आहे आणि लांबी गायब. 'टी'वर 'कॉन्ज' लावा, उत्तर २ येतं.