डफावरचे अण्णा भाऊ

वर्गातील मुले हल्ली मोबाइलवर रॅप ऐकतात. न्यूयॉर्कमधील ब्राँक्सच्या गरीब वस्तीत १९७३ च्या सुमारास हा प्रकार जन्मला. फंक आणि सोल या आपल्याच संगीताच्या ठेक्यावर तिथल्या पोरांनी आपले हाल बोलून दाखवले. १९८२ च्या 'द मेसेज' या तबकडीत हे सारे एकत्र सापडते. ती ऐकताना मला मात्र अण्णा भाऊ साठे आठवतात. अभ्यासात ते 'फकिरा'चे कादंबरीकार म्हणून भेटतात; डफ बाहेरच राहतो!

१ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगावी, आजच्या सांगली जिल्ह्यात, एका मातंग कुटुंबात ते जन्मले. मूळ नाव तुकाराम. शाळा दीड दिवसाची. वडिलांबरोबर पायी मुंबई गाठली. मग हमाली, गिरणीकाम, पडेल ते. अक्षरे स्वतःच गिरवली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. मासळी विकणारी माझी आई सही करताना अजून अडखळते. त्यामुळे तो दीड दिवस मला नुसता तपशील वाटत नाही.

१९४४ साली अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक काढले. तमाशाचा गण गणपतीला वंदन करतो. अण्णा भाऊंनी तो हुतात्म्यांकडे आणि कष्टकऱ्यांकडे वळवला, गवळण गाळली. साचा जुना, आशय गिरणगावचा. लोक त्याला लोकनाट्य म्हणू लागले.

पण खरी कमाल 'माझी मैना' या छक्कडीची. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत ती अमर शेखांच्या पहाडी आवाजात गाजली. पोटासाठी मुंबईला आलेल्या गड्याला गावी राहिलेली बायको आठवते. ऐन शृंगारात रंगलेला श्रोता पाहता पाहता राजकारणात येऊन पोचतो, कारण मैना म्हणजे तुटून राहिलेला मराठी मुलूखही! बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव. यातले उंबरगाव आम्हां पाचूबंदरकरांच्याच किनाऱ्यावर, डहाणूच्या पुढे. १९६० साली राज्य झाले, मुंबई मिळाली. उंबरगाव तालुक्याचा बराच भाग मात्र गुजरातेत गेला. शाळेत १ मे साजरा करताना आम्हांला हे कुणी सांगितले नव्हते.

१९६१ साली ते रशिया पाहून आले, 'फकिरा'ला राज्य पुरस्कार मिळाला. राहणे तरी घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडीतच. १८ जुलै १९६९ रोजी गोरेगावात ते गेले, वय अवघे ४८. पुढच्याच महिन्यात, २९ ऑगस्टला, अमर शेख अपघातात गेले.